माळवदावरची माती

मी विज्ञान-पत्रकार झालो, याचे कारण विज्ञान नव्हते. बसवकल्याणात राहून मी एका मराठी दैनिकाला बाजारभाव आणि पीकपाणी कळवत असे. सोलापूरच्या कचेरीत आलेल्या नव्या संपादकांना एकदा वाटले की आपल्या पत्राला विज्ञानाचेही पान हवे. चौकशीत असे निघाले की सबंध सीमाभागात वनस्पतिशास्त्राची पदवी असलेला वार्ताहर मी एकटाच. पान माझ्याकडे आले. प्रतिष्ठेचे काम आहे, असे मला सांगण्यात आले. आमच्या धंद्यात हे वाक्य कोणत्या वेळी वापरतात ते मला ठाऊक होते.

पान रविवारी निघे. वरच्या अर्ध्यात मी, खालच्या अर्ध्यात जाहिराती. जाहिराती वाढल्या की मी घटत असे. कृष्णविवरावरचा माझा एक लेख असा कापला गेला की त्यात विवर तेवढे शिल्लक राहिले. प्रकाश कोठे गेला हे वाचकाला कळण्याचा मार्ग उरला नाही. त्या काळी मी मजकूर लिफाफ्यात घालून सोलापूरच्या बसच्या चालकाकडे देत असे. पुढे फॅक्स आला, मग मोबाइल आला. साधने बदलली. कापणारे हात तसेच राहिले.

शास्त्रज्ञांशी बोलण्याची एक रीत असते. ते आधी इंग्रजीत सांगतात, मग 'हे छापू नका' म्हणतात, आणि छापले नाही तर रागावतात. वाचकांचा प्रकार निराळा. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी बोलणारा आमचा वाचक तिन्ही भाषांत मला एकच प्रश्न विचारी: बोअरला पाणी कोठे लागेल? तळहातावर नारळ उभा करून पाणी सांगणारा गृहस्थ आमच्याकडे माझ्यापेक्षा अधिक मान राखून आहे. त्याचे चुकले तर शेतकऱ्याचे नशीब चुकते. माझे चुकले तर विज्ञान चुकते.

या साऱ्या काळात एक विषय मी पुन्हा पुन्हा लिहिला. तो माळवदाचा. जाड दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर: असे आमच्या भागातले जुने घर असते. उन्हाळ्यात ते गार राहते, यात शंका नाही. पण पावसाआधी दरवर्षी गळतीच्या जागी नवी माती टाकतात, आणि जुनी काढण्याची चाल कोणाचीच नाही. बाप टाकतो, मुलगा टाकतो, नातू टाकतो. छत पिढीगणिक जड होत जाते आणि भिंती होत्या तेवढ्याच राहतात. लातूरकडे मोठा भूकंप झाला तेव्हा मी तेथे बातमीसाठी गेलो होतो. तेथे काय पाहिले त्याचे वर्णन मी तेव्हा केले नाही, आताही करणार नाही. परत येऊन इतकेच लिहिले की माळवदावरची माती उतरवा. ते मी दर दोन-तीन वर्षांनी लिहीत राहिलो. लोकांनी वाचले, मान डोलावली आणि पुढच्या मृगाआधी आणखी काही पाट्या वर टाकल्या.

माझी धाकटी बहीण दुबलगुंडीच्या पुढे एका खेड्यात दिली आहे. मेहुणे शेती करतात. त्यांच्या माळवदावरची माती त्या गावात सर्वांत जाड. "आमच्या आज्याच्या हातची माती हाय वर," असे ते पाहुण्यांना मान वर करून दाखवत. पाहुणेही मान वर करून बघत. मी त्यांना अनेकदा सांगितले. ते माझा मान राखून ऐकत आणि जेवणाचे ताट मांडायला सांगत.

गेल्या काही वर्षांपासून पावसाळा सरता सरता त्या गावाखालून आवाज येऊ लागले. कोणी म्हणे ट्रकमधून दगड उतरवल्यासारखा, कोणी म्हणे खाणीत सुरुंग लागल्यासारखा. फडताळातली भांडी वाजत, कुत्री ओरडत, आणि सगळे गाव अंगणात येऊन उभे राहत असे. देवळात होम झाला. तालुक्याच्या सरकारी कचेरीतून एक पत्रक आले. घाबरू नका, असे त्यात कन्नडमध्ये आणि इंग्रजीत होते. गावाने ते वाचले आणि, सरकार घाबरू नका म्हणते आहे म्हणजे घाबरण्यासारखे काहीतरी आहे, असा अर्थ काढला.

मी त्या विषयावर लेख लिहिला. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांत उतरते, आतला दाब बदलतो, खडक किंचित सरकतो. हे सारे जमिनीच्या अगदी वरच्या भागात घडते, म्हणून आवाज मोठा येतो आणि हादरा लहान असतो. बहुधा असे आहे, असे मी लिहिले. जाणकार मला तेवढेच सांगत होते. लेखाच्या शेवटी माळवदाचा परिच्छेद होता. तो जागेअभावी गेला. आणि सोलापूरच्या कचेरीने वर मथळा दिला: 'गावाखाली पोकळी?'

प्रश्नचिन्ह हे आमच्या धंद्यातले चिलखत आहे. ते लावले की नसलेली गोष्ट छापता येते, आणि कोणी हटकले तर आम्ही केवळ विचारले, असे म्हणता येते. लेखात पोकळी हा शब्द नव्हता. मी मथळा देणाऱ्या उपसंपादकाला फोन केला. तो नम्र होता. म्हणाला, "सर, पोकळी नसेल तर आवाज कसा येईल? ढोल पोकळ असतो म्हणूनच वाजतो ना." मी फोन ठेवला.

लोकांनी मथळ्याचा फोटो काढून मोबाइलवर फिरवला. मथळा आणि खाली माझे नाव एवढेच फोटोत येत होते. लेख येत नव्हता.

याच सुमारास माझ्या भाच्याचे लग्न ठरले होते. तो शेती बघतो आणि हुमनाबादेत ठिबकच्या नळ्यांचे दुकान चालवतो. मुलगी उमरग्याकडची, बँकेत नोकरीला. साखरपुडा झाला होता. मुलीचे वडील हायस्कुलात विज्ञान शिकवतात. तो फोटो फिरत फिरत त्यांच्याकडे पोहोचला आणि त्यांनी मला फोन केला. आपण विज्ञानाचे शिक्षक असून अंधश्रद्धा अजिबात मानत नाही, असे त्यांनी प्रथम स्पष्ट केले. मग म्हणाले, पण मुलगी पोकळीवर देता येणार नाही.

मी त्यांना भेगा, पाणी आणि दाब समजावून सांगितला. ते सगळे नववीच्या पुस्तकात आहे, असे ते म्हणाले. आपण ते शिकवतो. प्रश्न मुलीचा आहे. गावाला धोका नाही, एवढे मी माझ्या सहीने लेखी द्यावे. मी म्हणालो, असे कोणालाच देता येत नाही. त्यांनी विचारले, मग तुम्ही इतकी वर्षे कसले विज्ञान लिहिता?

पुढच्या आठवड्यात बहीण बसने आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विषय काढला.

"अण्णा, एक कागद लिहून द्यायला तुझं काय जायलाय? जन्मभर कागदच लिहायलास की."

मी म्हणालो, जे ठाऊक नाही ते मी लिहीत नाही.

"मग त्यांनी लगीन मोडलं तर दुसरी पोरगी कुठनं आणायची, ते तरी तुला ठाऊक हाय का?" ती म्हणाली. "गावातली पोरं तिशी वलांडून बसलेत. शेती करणाऱ्याला आधीच कोण देईना. आता तर खालनं गुरगुरायलंय. तुझ्याच नावानं छापून आलंय आणि तूच कागद द्यायला न्हाई म्हणायलास. कामून?"

तिचे म्हणणे खरे होते. त्या गावात कर्ती मुले अविवाहित बसली होती, आणि आवाजाचे निमित्त होऊन दोन स्थळे आधीच परतली होती. भाच्याचे हे मोडले असते तर पुढचे येणे कठीण होते. मी कागद दिला नाही. पण मुलीकडच्यांना गावात बोलाव, त्यांना आवाज ऐकू दे, असे सुचवले. भांड्यांपलीकडे काही हलत नाही हे त्यांना स्वतः दिसेल. विज्ञानाच्या शिक्षकाला प्रत्यक्ष निरीक्षण नाकारता येणार नाही, असा माझा हिशेब होता.

दसऱ्यानंतर ते जीप करून आले. शिक्षक, त्यांचे थोरले बंधू, मुलीची आत्या आणि स्वतः मुलगी. अशा वेळी मुलीने येण्याची रीत नाही. पण ती आली होती. गावाने तयारी केली होती. वर्षभर आवाज थांबावा म्हणून नवस बोलणारे लोक त्या दिवशी आवाज व्हावा म्हणून मारुतीसमोर बसले होते. पिठाची गिरणी बंद ठेवली होती. देवळाचा कर्णा उतरवला होता. मोटारसायकली वेशीवर लावायला लावल्या होत्या. पाहुण्यांना खुर्च्या, बाकीच्यांना सतरंजी. एकाने तर जमिनीला कान लावला होता. लहान मूल रडले तर त्याला आईसकट घरात पाठवत होते. इतकी शांतता त्या गावाने कोणाच्या मौतीलाही पाळलेली नसेल.

जमीन गप्प राहिली.

एकदा लांबून घरघर आली. पाहुणे खुर्च्यांवरून उठले. ट्रॅक्टर होता. पाहुणे बसले. जेवणे झाली, चहा झाला, पुन्हा चहा झाला. उन्हे कलली तेव्हा शिक्षकांच्या थोरल्या बंधूंनी पानाची पिंक टाकली आणि विचारले, "पाव्हणं, आवाज गावात यायलाय का नुसता पेपरात यायलाय?"

गाव दुखावले. एका वृद्धाने दुरडीतल्या भाकरीवर हात ठेवून सांगितले की मागल्या अमावास्येला त्याच्या घरातली परात फळीवरून खाली पडली. बंधूंनी त्याचे ऐकून घेतले आणि विचारले, आवाजामुळे घराबाहेर झोपायला सरकारकडून पत्र्याची शेड मंजूर व्हायची आहे का? ती व्हायची होती. अर्ज गेलेले होते. बंधूंनी शिक्षकांकडे पाहिले, शिक्षकांनी माझ्याकडे पाहिले. ते हलक्या आवाजात म्हणाले, पोकळी एक वेळ परवडली, पण सरकारला फसवणाऱ्या गावात मुलगी कशी द्यावी?

म्हणजे सकाळी हे लग्न आवाज येतो म्हणून मोडणार होते, आणि संध्याकाळी येत नाही म्हणून. माझ्या पेशात पुरावा दोन्ही अंगांनी तपासावा असे म्हणतात. तो इतका काटेकोर तपासलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

पाणी प्यायला मी बहिणीच्या घरात गेलो. मुलगी मधल्या खोलीत बसली होती. बायका स्वयंपाकघरात होत्या. ती वर पाहत होती. मेहुणे दाखवतात तसे कौतुकाने नव्हे. बँकेत ज्या नजरेने कागद तपासत असेल, त्या नजरेने.

"मामा, ह्याच्यावर माती किती हाय?"

"गुडघ्याच्या वर येईल."

"आवाज येतो ते खरं हाय का?"

"खरं आहे."

"मोठा धक्का येईल?"

"ठाऊक नाही."

"कुणाला ठाऊक हाय?"

"कोणालाच नाही."

"आणि आलाच तर हे राहील का?"

"नाही."

तिने मान हलवली आणि ती उठली. हे प्रश्न या क्रमाने मला त्याआधी कोणी विचारले नव्हते. संपादकांनीही नाही.

ती थेट मारुतीसमोर गेली. मी मागोमाग गेलो. पुरुषमंडळी निरोपाची सुपारी हातात घेऊन बसली होती. ती खांबाजवळ उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "मला मुलगा पसंत हाय. जमिनीच्या आवाजाचं मला काय न्हाई. पण त्या माळवदाखाली मी झोपणार न्हाई. माती उतरवा, मग तारीख धरा."

थोरल्या बंधूंनी तिला घरात जायला सांगितले. ती गेली नाही. मग शिक्षकांच्या चेहऱ्यावर मी दिवसभरात प्रथमच समाधान पाहिले. मागणी रास्त आहे, असे ते म्हणाले. आमच्या लोकांना लग्नातली मागणी समजते. दाब, भेगा, शक्यता यांतले दिवसभरात कोणाला काही समजले नव्हते. मागणी म्हटल्यावर सगळी बैठक सावरून बसली. ती मुलीकडून आली एवढेच नवे होते. खोट्या गावाचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

मेहुण्यांचा चेहरा उतरला होता. "आज्याचं घर हाय ते," ते म्हणाले. "सून यायच्या आधीच घर उतरवलं, असं गाव म्हणंल." मग घासाघीस सुरू झाली. मुलीची खोली तेवढी पत्र्याची करू. न्हाई. पुढच्या वर्षी करू. न्हाई. शेवटी मेहुणे म्हणाले, अर्धी माती उतरवतो. यावर मुलीने माझ्याकडे पाहिले.

"मामा, अर्धी उतरवली तर चालतंय का?"

मी सांगितले की सगळी उतरवावी, वर हलके छत घालावे, आणि भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी सिमेंट-लोखंडाचा पट्टा फिरवावा. हे मी इतक्या वेळा लिहिले होते की वाक्य आपोआप बाहेर आले.

मेहुणे माझ्याकडे वळले. "तुम्ही आमच्याकडनं हाय का त्यांच्याकडनं?"

बहीण तोपर्यंत बायकांमधून पुढे आली होती. ती कोणाकडेही पाहत नव्हती. "उतरवा," ती म्हणाली.

"तुला काय कळायलंय का? काय बोलायलीस?"

"कळायलंय. पाऊस लागला की मी पोराला भिंतीपासनं लांब निजवत आले. तुम्ही वर बघून कौतुक सांगायचा, मी वर बघून झोपायची न्हाई. आता तिनं तोंडानं म्हटलं. उतरवा."

 शिक्षकांनी सुपारी पुढे केली. मेहुण्यांनी ती घेतली.

निघताना मी बहिणीला एकच विचारले, मी इतकी वर्षे सांगत होतो तेव्हा का नाही बोललीस? ती जीपमधल्या आत्याला कुंकू लावून परत येत होती. म्हणाली, "तू पेपरात सांगायचास. पेपर ते दुकानात वाचतेत आणि तिथंच ठेवून येतेत. तिनं दारात येऊन सांगितलं."

उत्तर बरोबर होते. त्याचा मला फायदा काही नव्हता.

तूर निघाल्यावर माळवद उतरवले. मी दोन दिवस तेथे होतो. माती कापताना तिच्यात थर दिसत होते. वर पांढरा, त्याखाली राखाडी, मग पुन्हा पांढरा. प्रत्येक थर कोणाच्या तरी हयातीतला. मेहुणे अंगणात उभे राहून प्रत्येक गाडी भरताना पाहत होते. गावकरी आणि नातेवाईक येऊन त्यांचे सांत्वन करत, जसे कोणी गेल्यावर करतात. त्यांनी ती माती दुसऱ्या कोणाला नेऊ दिली नाही. सगळी स्वतःच्या शेतात पसरली. शेवटी तुळया उघड्या पडल्या. त्यांतल्या मधल्या तुळईला भिंतीत जेथे टेकण होते तेथे वाळवीने पोखरले होते. मेहुण्यांनी तेथे बोट घातले. बोट आत गेले. त्यांनी ते बाहेर काढले, धोतराला पुसले आणि मिस्त्रीला चहा सांगितला. आजोबांचे नाव त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर घेतलेले नाही.

वैशाखात लग्न झाले. मी त्यावर लहानसा लेख पाठवला. पट्टा कसा घालावा, पत्रा कसा बांधावा, काय टाळावे. या वेळी परिच्छेद कापला गेला नाही. मथळा होता: 'सुनेच्या हट्टापायी सासऱ्याने पाडले घर!' प्रश्नचिन्हाऐवजी उद्गारचिन्ह होते. मी याला प्रगती समजतो.

त्या मथळ्याचा एक परिणाम झाला. त्याच गावातले एक गृहस्थ, ज्यांचा मुलगा बरीच वर्षे स्थळाच्या शोधात आहे, त्यांनी मला घर बघायला या म्हणून निरोप पाठवला. घर बघायला या, असे माझ्या हयातीत मला कोणी बोलावले नव्हते; बोअर बघायला पुष्कळांनी बोलावले. मी गेलो. भिंतीला कोपऱ्यात फट होती. माती मेहुण्यांच्या खालोखाल जाड. गृहस्थांनी मला खोली खोली दाखवली, तुळया थोपटल्या, आणि काय करावे म्हणून विचारले. मी सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले, मान डोलावली आणि जरा जवळ सरकून म्हणाले, "अण्णा, सगळं पटलं. पण आधी पोराचं जमू द्या म्हणतो. मुलीकडच्यांनी म्हटलं तर उतरवू. न्हाई म्हटलं तर कामून उगं खर्चात पडायचं?"

आतल्या खोलीत, त्याच माळवदाखाली, सतरंजी टाकली होती. चहाचे कप मांडून ठेवले होते. मी माझा कप अंगणात मागवला.